चतुरक्षरी नाम आणि मराठी ‘परमेश्वर’

१

कणकवली तालुक्यातील नांदगावापासून खाली मालवणच्या किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा गाऱ्हाणे घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक देतो आणि जमलेला समुदाय ‘व्हय म्हाराजा’ असा प्रतिसाद देतो. ह्या हाकेत दोन निरनिराळे घटक आहेत. देवाचे नाव व स्थान सांगून त्याला इतर देवांपासून वेगळे काढावयाचे, हे एक काम. ‘म्हाराजा’ ह्या उपाधीने आपले त्याच्याशी असलेले नाते प्रकट करावयाचे, हे दुसरे. पहिल्या कामासाठी भाषेला विशेषनाम लागते. दुसऱ्यासाठी पदवी पुरते. देव पुष्कळ असले म्हणजे नावाची गरज उघड असते. परंतु देव एकच आहे अशी ज्या धर्माची धारणा, त्या धर्मात देवाला विशेषनाम कशासाठी असावे? आणि ते असलेच, तर ते उच्चारावे की झाकावे?

यहुदी व ख्रिस्ती विचारपरंपरेत हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. मराठीशीही त्याचा निकटचा संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे, आणि बायबलाची मराठी भाषांतरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आली आहेत. हिब्रू ग्रंथातील देवाच्या नावाच्या जागी मराठीत जो शब्द येतो, त्याने काय साधले व काय गमावले, ह्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

हिब्रू बायबलात देवाचे म्हणून जे नाव येते ते योद, हे, वाव, हे ह्या चार व्यंजनांचे असून ते सुमारे ६,८०० वेळा आढळते. ग्रंथाबाहेरही त्याचा पुरावा आहे. १८६८ साली यार्देनेच्या पूर्वेस धिबान येथे सापडलेल्या मेशा राजाच्या शिलालेखात, म्हणजे इ. स. पूर्व नवव्या शतकात, हेच चार अक्षरांचे नाव इस्राएलाच्या देवाचे म्हणून कोरलेले आहे. मवाबाच्या राजाने आपल्या कमोश नामक देवाचा विजय सांगताना शत्रूच्या देवाचा उल्लेख ह्या नावाने केला आहे. तेव्हा मुळात हे इतर देवांच्या नावांशेजारी बसू शकणारे खरेखुरे विशेषनाम होते, ह्याविषयी शंका उरत नाही.

हिब्रू लेखनात मूळचे स्वर लिहिले जात नसत. पुढे ह्या नावाचा उच्चार मागे पडत गेला, आणि वाचताना त्याच्या जागी ‘अदोनाय’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला. ‘अदोनाय’ हे रूप मराठी वाचकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘अदोन’ म्हणजे धनी. त्याचे अनेकवचन, आणि त्याला लागलेला प्रथमपुरुषी स्वामित्वदर्शक प्रत्यय, मिळून ‘माझे धनी’. मराठी आदरार्थी बहुवचनाशी ह्या रूपाचे साम्य आहे. फरक इतकाच की हिब्रूत क्रियापद बहुधा एकवचनीच राहते. ‘एलोहीम’ ह्या सामान्य देववाचक शब्दाचीही हीच तऱ्हा आहे. मराठीत मात्र ‘धनी आले’ असे क्रियापदही अनेकवचनी होते, आणि देवाला तर आपण ‘तू’ म्हणतो. धन्याला ‘आपण’ आणि देवाला ‘तू’ ही मराठी भक्तीची जुनी रीत असल्यामुळे ‘अदोनाय’मधील दरबारी आदर मराठीत नेमका उतरविणे कठीण आहे.

इ. स. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान मसोरेती पंडितांनी हिब्रू संहितेला स्वरचिन्हे दिली. चार व्यंजनांना त्यांनी हात लावला नाही, परंतु वाचकाने ‘अदोनाय’ म्हणावे ह्याची आठवण म्हणून बहुधा त्या शब्दाचे स्वर ह्या व्यंजनांना जोडले. लिहिलेले एक व वाचावयाचे दुसरे, ही त्या परंपरेतील मान्य पद्धती होती. ती न ओळखणाऱ्या युरोपीय वाचकांनी एकाची व्यंजने व दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले, आणि ‘यहोवा’ हे रूप जन्मास आले. १५३० साली टिंडल ह्याच्या इंग्रजी भाषांतरात ते आढळते. १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीने ते सर्वत्र स्वीकारले. १९५२ च्या सुधारित आवृत्तीने ते काढून टाकून पुन्हा ‘प्रभू’वाचक शब्द घातला. मूळ उच्चार ‘याह्वे’ असा असावा, हे अनुमान आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्याला ग्रीक लिपीतील काही प्राचीन लिप्यंतरांचा आधार मिळतो. पण ते अनुमानच आहे.

३

नाव न उच्चारण्याची ही प्रथा मराठी भाषकास अपरिचित वाटण्याचे कारण नाही. साप दिसला असता ‘जनावर’ म्हणावयाचे, बांगडी फुटली असता ‘वाढवली’ म्हणावयाचे, घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे, ह्या सवयी घरोघरी आहेत. दक्षिण कोकणात जागेच्या रक्षक शक्तीला ‘राखणदार’ म्हणून तिच्या कामावरूनच ओळखतात. पतीचे नाव न घेणारी स्त्री ‘इकडून’, ‘स्वारी’, ‘अहो’ किंवा ‘झिलाचो बापूस’ अशा पर्यायांनी त्याचा निर्देश करी.

ह्या उदाहरणांत दोन वेगळ्या भावना आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. सापाचे नाव टाळण्यामागे भीती आहे: नाव उच्चारले की वस्तू ओढवते. पतीचे नाव टाळण्यामागे मर्यादा आहे: ते नाव सर्वांनी सर्वत्र वापरावयाच्या शब्दांपैकी नव्हे. यहुदी प्रथेचे खरे साम्य दुसऱ्या प्रकाराशी आहे. त्याचा पुरावा असा की, ज्याप्रमाणे मंगलप्रसंगी उखाण्यात नाव घेण्याची केवळ मुभा नव्हे तर अपेक्षाच असते, त्याप्रमाणे यरुशलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदा, मुख्य याजकाने ते नाव उच्चारावे असा विधी होता, आणि ते ऐकताच लोक साष्टांग पडत, असे मिश्नाच्या ‘योमा’ ह्या प्रकरणात नोंदलेले आहे. साम्य येथेच संपत नाही. उखाण्यात नाव यमकाच्या ओघात येते. ते उच्चारले जाते व त्याच वेळी पद्यात दडविलेही जाते. तालमुदात रब्बी तरफोन ह्यांची एक आठवण आहे. तरुणपणी याजकांच्या ओळीत उभे असताना त्यांनी कान देऊन ऐकले, तेव्हा मुख्य याजकाने ते नाव इतर याजकांच्या गायनाच्या सुरात गिळून टाकल्याचे त्यांना जाणवले. नाव घ्यावयाचे, पण ते सहज हाती लागू द्यावयाचे नाही, हा भाव दोन्हीकडे एकच आहे.

इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले आणि नाव घेण्याचे नेमलेले स्थळच नाहीसे झाले. त्यानंतर ‘अदोनाय’ हाच प्रार्थनेतील उच्चार राहिला. नित्याच्या बोलण्यात तर तोही टाळून ‘हाशेम’, म्हणजे केवळ ‘ते नाव’, असे म्हणण्याची रीत पडली.

येथे महाराष्ट्रीय मनाला एक अडचण जाणवते. वारकरी परंपरेत नाम हे साधन आहे आणि ते अखंड, मोठ्याने, सर्वांनी, कोणत्याही स्थळी व काळी घ्यावयाचे असते. अधिकाराचा प्रश्न तेथे मुद्दाम मोडीत काढला आहे. यहुदी परंपरेत तेच नाम अधिकार, स्थळ व काळ ह्यांनी बांधलेले आणि शेवटी मौनात ठेवलेले आहे. दोन्ही परंपरा नामाला सारखेच मोल देतात. एक ते खर्च करून वाढवते, दुसरी राखून वाढवते. मराठी भाषांतरकार ह्या दोहोंच्या मध्ये उभा असतो, हे विसरून त्याच्या शब्दयोजनेचे मूल्यमापन करता येणार नाही.

४

नावाच्या अर्थाची चर्चा निर्गम ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाभोवती फिरते. मोशे देवाला नाव विचारतो, आणि उत्तर म्हणून तीन शब्द येतात: ‘असणे’ ह्या अर्थाच्या ‘हाया’ धातूचे प्रथमपुरुषी एकवचनी ‘एह्ये’ हे रूप, एक संबंधदर्शक अव्यय, आणि पुन्हा तेच रूप. चार अक्षरांचे नाव हे ह्याच धातूच्या तृतीयपुरुषी रूपासारखे दिसते, व ग्रंथकर्त्याला तो संबंध सुचवावयाचा आहे हे उघड आहे.

‘हाया’ ह्या एकाच धातूत मराठीतील ‘असणे’ व ‘होणे’ ह्या दोन्ही क्रिया सामावतात. शिवाय ‘एह्ये’ हे रूप काळाने बांधलेले नाही. क्रिया अपूर्ण आहे एवढेच ते सांगते. मराठीत ‘आहे’, ‘असतो’, ‘असेन’, ‘होईन’ ह्यांपैकी काहीतरी एक निवडणे भाग पडते. प्रचलित मराठी बायबलाने ‘आहे’ निवडले आहे. परंतु त्याच प्रसंगात दोन वाक्ये आधी, देव मोशेला आपली सोबत देऊ करतो तेथे, मुळात हेच ‘एह्ये’ रूप आहे, आणि तेथे मराठीत ‘असेन’ येते. हिब्रू ऐकणाऱ्याला सोबतीचे वचन व नावाचे उत्तर एकाच शब्दाने जोडलेले ऐकू येतात. मराठी वाचकाला ‘असेन’ व ‘आहे’ ह्यांमध्ये तो दुवा दिसत नाही. परिणामी जे उत्तर ‘मी सोबत असेन’ ह्या आश्वासनाची पुनरुक्ती होते, ते मराठीत अस्तित्वाविषयीचे विधान होऊन बसते.

ह्या वळणाचा उगम मराठीत नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात सिद्ध झालेल्या ग्रीक भाषांतराने दुसऱ्या ‘एह्ये’च्या जागी ‘असणारा’ अशा अर्थाचे धातुसाधित घातले. क्रियापदाचे नाम झाले, आणि नामाचे तत्त्व होण्यास वेळ लागला नाही. थॉमस अक्विनास ह्याने तेराव्या शतकात ‘जो आहे तो’ हे देवाचे सर्वांत उचित नाव ठरविले. कारण अन्य नावे देवाला कोणत्या ना कोणत्या रूपाने मर्यादित करतात, हे नाव केवळ सत्ता सांगते. भारतीय वाचकास येथे ‘सत्’ आठवावे हे स्वाभाविकच आहे; ब्रह्मबांधव उपाध्याय ह्यांनी १८९८ साली त्रैक्याचे स्तोत्र रचताना सच्चिदानंद ही संज्ञा घेतली ती ह्याच मार्गाने. मार्ग भव्य आहे. परंतु तो हिब्रू वाक्यातून थेट निघालेला नाही, ग्रीक धातुसाधितातून निघालेला आहे, एवढे भाषाशास्त्राने नमूद केले पाहिजे.

त्या तीन शब्दांच्या रचनेत आणखी एक ध्वनी आहे व तो मराठीत विशेष चांगला ऐकू येतो. ‘कुठे गेला होतास?’ ह्याला ‘जायचे तिथे गेलो होतो’ असे उत्तर मराठी माणूस देतो, तेव्हा व्याकरणदृष्ट्या उत्तर पूर्ण असते, पण माहिती दिलेली नसते. ‘कोण आहेस?’ ह्यावर ‘असेन तो असेन’ हे त्याच जातीचे उत्तर होय. विचारणाऱ्याला दटावणे आणि स्वतःविषयी काही सांगणे ह्या दोन्ही गोष्टी अशा वाक्यात एकाच वेळी घडतात. निर्गमातील उत्तर नाव सांगते की नाव सांगण्याचे नाकारते, हा भाष्यकारांचा जुना वाद आहे. मराठीची ही घडण पाहिली म्हणजे दोन्ही पक्ष एकाच वाक्यात नांदू शकतात असे दिसते. देव सोबतीची खात्री देतो, परंतु नावाच्या द्वारे हाताळला जाण्याचे नाकारतो. ‘आहे’ऐवजी ‘असेन’ घेतले तर मराठीत हे दोन्ही ध्वनी राहतात, आणि वरच्या वाक्यातील ‘असेन’शी सांधाही जुळतो.

५

नाव अर्थवाही आहे की केवळ निर्देशक, हा प्रश्न मांडण्यासाठी भारतीय शब्दविचारातील परिभाषा फार उपयोगी पडते. अवयवार्थाने अर्थ देणारा शब्द यौगिक, समुदायशक्तीने देणारा रूढ, आणि दोहोंनी मिळून एकाच वस्तूवर स्थिरावणारा योगरूढ. ‘पंकज’ हे त्याचे परिचित उदाहरण. मैमोनिदेस ह्या यहुदी तत्त्वज्ञाने बाराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, देवाची इतर सर्व नावे त्याच्या कृतींवरून साधलेली आहेत. एकटे चतुरक्षरी नाम तसे साधलेले नसून ते प्रत्यक्ष देवाच्या सत्तेचेच निदर्शक आहे. आपल्या परिभाषेत, अन्य नावे यौगिक व हे एक रूढ. परंतु निर्गमातील संवाद स्वतःच त्या नावाचा धातूशी संबंध जोडतो. तेव्हा ते योगरूढ मानणे अधिक युक्त. धातूचा अर्थ त्यात जागा आहे, तरी ते अन्य कोणासही लागू पडत नाही.

आता ‘परमेश्वर’ हा शब्द पाहावा. परम असा ईश्वर: शब्द पूर्णपणे यौगिक आहे, व त्यातील दोन्ही अवयव श्रेष्ठता सांगणारे आहेत. त्याला ख्रिस्ती वाङ्मयात दीर्घ परंपरा आहे. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या आपल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या पुराणात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ‘परमेश्वर’, ‘देव’, ‘स्वामी’ हे शब्द निःसंकोचपणे वापरले, इतकेच नव्हे तर स्वर्गालाही ‘वैकुंठ’ म्हटले. पुराणाच्या वातावरणात हे शब्द शोभतात. कारण तेथे कवी कथा सांगत आहे, संहितेचे शब्दशः भाषांतर करीत नाही. सेरामपूरला विल्यम कॅरी व त्यांचे पंडित ह्यांच्या हातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, आणि पुढे मुंबईतील मिशनऱ्यांनी हे काम चालविले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता मूळ शब्दाला शब्द द्यावयाचा होता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून जे भाषांतर केले, व जे १९२२ साली त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाले, त्यामागेही ग्रामीण स्त्रीला कळणारे आणि अन्य दैवतकल्पनांचा रंग नसलेले शब्द हवेत, हीच तळमळ होती.

प्रचलित मराठी बायबलात ‘एलोहीम’साठी ‘देव’, चतुरक्षरी नामासाठी ‘परमेश्वर’ आणि ‘अदोनाय’साठी ‘प्रभू’ अशी वाटणी आहे. इंग्रजी ग्रंथात हा भेद मोठ्या अक्षरांच्या छपाईने दाखवितात. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून मराठीने तीन शब्द वापरले. ही व्यवस्था इंग्रजीपेक्षा सरस आहे, कारण ती डोळ्यांना दिसते तशीच कानांनाही ऐकू येते. चतुरक्षरी नामाच्या जागी पदवी ठेवण्यात यहुदी प्रथेचा मानही राखला जातो. एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

मात्र ह्या व्यवस्थेची हानी दोन ठिकाणी होते, व ती किरकोळ नाही. पहिले ठिकाण म्हणजे जेथे संपूर्ण प्रसंगच नावावर उभा आहे ते. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एलिया बालाच्या उपासकांना आव्हान देतो. प्रश्न असा की, बाल हा देव की चतुरक्षरी नामाचा तो देव? शेवटी लोक ज्या निर्णयाचा घोष करतात त्यात उद्देश्य विशेषनाम आहे व विधेय सामान्यनाम. मराठीत उद्देश्याच्या जागी ‘परमेश्वर’ येताच, परमेश्वर हाच देव, असे वाक्य होते, आणि ते ऐकणाऱ्याला स्वतःसिद्ध वाटते. जो परम ईश्वर आहे तो देव आहे, हे कोण नाकारील? ज्या वाक्यासाठी एका संदेष्ट्याने प्राण पणाला लावले, ते मराठीत वादाचा विषयच राहत नाही. यौगिक शब्द विशेषनामाच्या जागी बसविल्याचा हा अटळ परिणाम होय.

दुसरे ठिकाण दोन करारांच्या सांध्याचे आहे. ग्रीक भाषांतरात चतुरक्षरी नामाच्या जागी ‘क्यूरिओस’, म्हणजे प्रभू, हा शब्द रूढ झाला. प्राचीन प्रतींत सर्वत्र तसे नव्हते: इ. स. पूर्व पहिल्या शतकातील, अनुवादाच्या एका पपायरसावर ग्रीक मजकुराच्या मध्ये ते नाव हिब्रू अक्षरांतच लिहिलेले आढळले आहे, आणि मृत समुद्राच्या परिसरातील शोधांनीही ह्याला पुष्टी दिली. परंतु नव्या कराराच्या लेखकांनी ‘क्यूरिओस’ हाच शब्द योजला, आणि तोच येशूलाही लावला. योएलाच्या ग्रंथात चतुरक्षरी नामाचा धावा करणाऱ्याच्या सुटकेविषयी जे वचन आहे, ते पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात येशूच्या संदर्भात उद्धृत करतो. मराठीत योएलाच्या पानावर ‘परमेश्वर’ आहे व पौलाच्या पानावर ‘प्रभू’. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही असेच घडते. सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव येशूला मिळाले, हे विधान यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातील चतुरक्षरी नामाच्या घोषाकडे बोट दाखविते. मराठीत ते बोट कोठेच पोहोचत नाही. ख्रिस्ती सिद्धांत मान्य असो वा नसो, नव्या कराराचा हा युक्तिवाद वाचकाला दिसला पाहिजे. येशू हा इस्राएलाच्या देवाच्या नावाचा धनी आहे, हा आदिख्रिस्ती मंडळींचा दावा यहुदी व ख्रिस्ती ह्यांच्यातील वादाचा गाभा आहे. मराठी वाचकापुढे तो गाभाच झाकलेला राहतो.

६

ह्यावर ‘यहोवा’ किंवा ‘याह्वे’ हे रूप सर्वत्र घालावे असा उपाय सुचविला जातो. ‘यहोवा’ मराठीत परिचित आहे. पण कोणत्याही प्राचीन उपासकाने ते रूप उच्चारल्याचा पुरावा नाही, आणि त्यात दोन शब्दांचे तुकडे आहेत. ‘याह्वे’ अनुमानित आहे, व यहुदी कानाला ते मर्यादाभंगासारखे वाटते. २००८ साली व्हॅटिकनने उपासनेत हे रूप वापरू नये असा निर्देश दिला, त्यातही प्राचीन ख्रिस्ती मंडळींनीही ते कधी उच्चारले नाही, हाच मुद्दा होता.

मराठी भाषकांपैकी ज्यांचा ह्या नावावर सर्वांत जुना हक्क, त्या बेने इस्राएलांचा दाखला येथे निर्णायक ठरतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळालेल्या ह्या समाजाने, त्यांच्या परंपरेप्रमाणे, नवगावच्या किनाऱ्यावर आलेल्या पूर्वजांचे ग्रंथ गमावले, पण ‘शेमा’ ही प्रार्थना गमावली नाही. त्या प्रार्थनेच्या पहिल्याच वाक्यात चतुरक्षरी नाम दोनदा येते व ‘अदोनाय’ म्हणून वाचले जाते. समाजाची भाषा मराठी झाली, आडनावे दिवेकर, रोहेकर अशी गावांवरून पडली, व्यक्तिनामेही मराठी वळणाची झाली. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल एझिकिएल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणत. एलियाहू ह्या नावाचे ‘एलोजी’ झाले. मूळ नावाचा अर्थ ‘माझा देव याह’ असा आहे. त्याच्या अंती असलेला देवनामाचा अंश गळून त्या जागी मराठी आदरार्थी ‘जी’ आला. कोणी ठरवून न करता, बोलीने तेच केले जे ‘अदोनाय’ म्हणणाऱ्या परंपरेने केले होते: नावाच्या जागी आदर ठेवला.

नाव मात्र पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ‘हालेलूया’ ह्या शब्दाच्या शेवटी तेच ‘याह’ आहे. ‘येशू’ हे ज्या हिब्रू नावाचे रूप आहे, त्या ‘यहोशुआ’च्या आरंभी तेच नाव आहे, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीतील ‘जेजू’ त्याचेच पोर्तुगीज वाटेने आलेले भावंड. परमेश्वर म्हणणारा मराठी ख्रिस्ती उपासक गाताना नकळत ते नाव घेतच असतो.

ह्या सर्वांचा विचार करता संहितेत ‘परमेश्वर’ कायम ठेवणे हेच योग्य दिसते. परंतु तो शब्द कशाची जागा भरतो आहे, हे लपविण्याचे कारण नाही. निर्गमाचा तिसरा अध्याय, कर्मेलचा प्रसंग, आणि जेथे ‘माझे नाव’ ह्या शब्दांवर भर आहे अशी स्थळे, एवढ्या ठिकाणी समासात चार हिब्रू अक्षरे देवनागरी व्यंजनांनी, स्वर न घालता, दाखवावीत. वाचकाला ती दिसतील, उच्चारता येणार नाहीत, आणि मुळाची स्थिती नेमकी तीच आहे. नव्या करारात जेथे जुन्या करारातील चतुरक्षरी नामाचे वचन ‘प्रभू’ म्हणून आले आहे, तेथे समासात ‘मुळात परमेश्वर’ एवढी खूण पुरेल. निर्गमातील उत्तर ‘असेन’ ह्या रूपाने द्यावे, आणि ‘आहे’ हे पर्यायी रूप टीपेत घ्यावे.

असे करण्यास नव्या पांडित्याची गरज नाही. १८३२ साली जॉन विल्सन ह्यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापला गेला. तेथे हिब्रू अक्षरे व मराठी शब्द एकाच पानावर शेजारी नांदत होते, आणि मराठी वाचणारा ज्या शब्दावरून पुढे जात होता, त्याच्या शेजारी मूळ नाव लिहिलेले होते. मराठी बायबलाच्या पुढील आवृत्तीने त्या पानाकडून एवढेच घ्यावयाचे आहे.